घर आणि विज्ञान : नदीचा गाळ निवडताना

गेल्या अंकात ओढ्यातील दगडांखाली राहणाऱ्या किड्यांविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर ग्वाल्हेरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "पाणी शुद्ध की अशुद्ध हे बाटली भरून तपासायला दिली म्हणजे कळते. मग चिखलातले किडे मोजत बसण्याचा हा खटाटोप कशाला? आणि मोजायचेच ठरवले, तर त्यात शिकण्यासारखे ते काय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देते. दुसऱ्याला मात्र हे सारे पान द्यावे लागेल, आणि त्यात माझी स्वतःची एक जुनी चूकही सांगावी लागेल.

बाटलीतले पाणी त्या घटकेपुरती साक्ष देते. मध्यरात्री सोडलेले सांडपाणी पहाटेपर्यंत वाहून गेले, तर सकाळी दहा वाजता भरलेल्या बाटलीत ते सापडणार कसे? नदीच्या तळाशी राहणारे जीव मात्र तिथेच असतात. मासा पळून जाऊ शकतो. दगडाला चिकटलेली अळी, वाळूत रुतलेला शिंपला, गाळात डोके खुपसून बसलेला कृमी यांना पळणे ठाऊक नाही. कोणी काही आठवडे, कोणी काही महिने, शिंपल्यासारखे जीव तर कित्येक वर्षे त्याच पाण्यात काढतात. ज्यांना ते पाणी सोसत नाही ते मरतात. ज्यांना सोसते ते फोफावतात. तेव्हा तिथे कोण उरले आहे आणि कोण नाहीसे झाले आहे, एवढे पाहिले तरी त्या पाण्याचा मागचा इतिहास कळू लागतो. जर्मनीतील कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघांनी १९०८-०९ साली ही गोष्ट पद्धतशीर याद्या करून मांडली. आपल्या देशात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १९८८ ते १९९० या काळात डच तज्ज्ञांच्या सहकार्याने यमुनेवर अशा परीक्षणाची पद्धत बसवून पाहिली. यमुना आपल्याला दूरची वाटेल, पण इंदूरची कान्ह क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला आणि चंबळ यमुनेला. म्हणजे आमच्या इंदुरी मोऱ्यांचा आणि यमुनेचा संबंध आपण समजतो तितका लांबचा नाही.

या जिवांना आपण तळजीव म्हणू. पाठीचा कणा नसलेले, नुसत्या डोळ्यांनी दिसू शकणारे आणि साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर अडकून राहणारे, अशी त्यांची व्यवहारातील व्याख्या आहे. चतुर आणि टाचणी या आपल्या ओळखीच्या उडत्या कीटकांची पाण्यातली पिल्ले, जळवा, गोगलगायी, शिंपले, गांडुळाच्या जातकुळीतले बारीक कृमी, चिलटासारख्या माश्यांच्या अळ्या, आणि ज्यांना मराठीत घरगुती नाव नाही असे मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय हे कीटक, असा तो सारा परिवार.

आता दुसरा प्रश्न. नदीचा तळ वर कसा काढतात, म्हणजे स्वीडनच्या एकमान यांनी १९११ साली वर्णन केलेला जबड्यासारखा मिटणारा डबा, किंवा ओढ्यातील एक चौरस फूट तळ मोजून घेणारी सर्बर यांची १९३७ सालची चौकट, यांविषयी पुन्हा केव्हातरी लिहीन. प्रयोगशाळेच्या टेबलावर येते ती रुंद तोंडाची एक बरणी. तिच्यात वाळू, गाळ, कुजकी पाने, मुळ्यांचे धागे, शेवाळ, आपल्याकडच्या नदीत निर्माल्याचे तुकडेही, आणि या सगळ्यात दडलेले शे-दोनशे, क्वचित हजारो जीव असतात. जागेवरच तिच्यात मद्यार्क ओतलेला असतो, आणि तोही ९५ टक्के तीव्रतेचा. कारण गाळात पाणी, पानांत पाणी, ते मिसळून मद्यार्क सौम्य होतो आणि सौम्य मद्यार्कात जीव कुजू लागतात. मी शिकत होते तेव्हा फॉर्मॅलिन सर्रास वापरले जाई. त्याने मऊ कृमी घट्ट राहतात खरे, पण डोळ्यांना झोंबते, आणि ज्यापासून ते बनते त्या फॉर्माल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले आहे. आम्ही ते उघड्या हातांनी हाताळले, हे आज आठवले तरी अंगावर काटा येतो.

बरणीच्या आत जाड कागदाची एक चिठ्ठी असते. नदी, जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, हे सारे तिच्यावर शिसपेन्सिलीने लिहिलेले असते. शाई मद्यार्कात फुटते आणि बाहेर चिकटवलेला कागद गळून पडतो. ज्या बरणीत चिठ्ठी नाही, तिच्यात कितीही दुर्मीळ जीव असोत, ती मोरीत ओतण्याच्याच लायकीची.

यापुढचे काम वाचक भगिनींना मुळीच परके वाटणार नाही. प्रथम सारा ऐवज बारीक चाळणीवर घेऊन पाण्याखाली हलक्या हाताने धुवायचा. मोठे पान, काटकी, दगड एकेक हातात घेऊन, उलटसुलट धुऊन, पाहून मगच बाजूला टाकायचा; पानाच्या घडीत अळी लपलेली असते. वाळू पुष्कळ असेल तर तांदूळ रोळतो तसे करायचे. पसरट भांड्यात पाणी घालून ते गोल फिरवायचे आणि वर तरंगत आलेला हलका भाग चाळणीवर ओतून घ्यायचा. खडे तळाशी राहतात. चार-सहा वेळा असे केले की बहुतेक मऊ जीव वाळूतून सुटे होतात. शब्द तर पाहा, चाळणे, रोळणे, निवडणे, टिपणे. आपल्या स्वयंपाकघराने हे शास्त्र कधीच शब्दांत बांधून ठेवले आहे.

साखरेची युक्ती मात्र मला विशेष आवडते. १९५९ साली अँडरसन या अमेरिकन संशोधकाने ती नीट मोजून मांडली. पाण्यात साखर विरघळवून त्याचे विशिष्ट गुरुत्व १.१२च्या आसपास आणायचे आणि त्यात हा गाळ सोडायचा. किड्यांचे शरीर या गोड पाण्याहून हलके, म्हणून ते वर येतात. वाळू जड, ती खाली बसते. वरचे जीव जाळीने झटपट काढून घ्यायचे. झटपट एवढ्यासाठी की, लोणच्याच्या फोडींतले पाणी मीठ ओढून घेते तसे साखरेचे पाणी या नाजूक देहांतले पाणी ओढून घेते आणि ते सुरकुततात. पण या युक्तीवर विसंबून राहिलात तर फसलात. गोगलगायी आणि शिंपले जड, ते वाळूबरोबर बुडतात. कॅडिसफ्लायची अळी वाळूचे कण लाळेच्या रेशमाने जोडून अंगाभोवती घर बांधते. ती आपल्या घरासकट बुडते. तळाचा गाळ म्हणून पुन्हा पाहावाच लागतो.

मग येते पांढरे तबक. बरणीत हजारो जीव असले तर सगळे मोजणे शक्य नसते, म्हणून भाताचे शीत पाहून भात शिजल्याचे ओळखतो तसा नमुन्याचा नमुना घ्यावा लागतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या १९९९च्या नियमपुस्तकात यासाठी तीस चौकोनांचे तबक सांगितले आहे. प्रत्येक चौकोन सहा सेंटिमीटरचा. सगळा गाळ त्यात सारखा पसरायचा, चिठ्ठ्या टाकून निदान चार चौकोन निवडायचे, आणि फक्त त्यांतले जीव काढायचे. सुमारे दोनशे भरेपर्यंत एकेक चौकोन वाढवायचा. हाती घेतलेला चौकोन अर्ध्यात सोडायचा नाही, संख्या भरली तरीही. एखादा जीव दोन चौकोनांमधल्या रेषेवर पडला असेल तर? ज्या चौकोनात त्याचे डोके, त्या चौकोनात त्याची गणना. डोके नसलेले धड मोजायचे नाही, रिकामा शंख मोजायचा नाही, किड्याने टाकलेली कात मोजायची नाही. वाचताना हसू येते. पण गाळात कृमींचे तुकडे झालेले असतात, आणि धडे मोजू लागले तर एका कृमीचे चार होतात.

चिठ्ठ्या कशाला, हवा तो चौकोन घेतला तर काय बिघडले? बिघडते ते असे की, हात आपोआप जिथे काही वळवळल्यासारखे दिसते तिथेच जातो. डोळ्याला मोठे, लाल आणि हलणारे आधी दिसते. मातीच्या रंगाचे, तीन-चार मिलिमीटरचे आणि निपचित पडलेले शेवटी दिसते, किंवा दिसतच नाही. यावर उपाय म्हणून रोझ बेंगॉल नावाचा रंग गाळात घालतात. जिवांच्या देहांना गुलाबी रंग चढतो आणि कचऱ्याला सहसा चढत नाही. तोट्याशिवाय उपाय नसतो. गुलाबी झालेल्या अळीच्या अंगावरचे मूळचे ठिपके आणि पट्टे मग दिसत नाहीत, आणि पुष्कळदा ओळख त्यांवरच पटवायची असते.

आमच्या लहानपणी रामबागेतल्या वाड्यात उन्हाळ्यात वर्षाचा गहू येई. ओसरीवर आई, काकू, आत्या आणि आम्ही मुली ताटे घेऊन निवडायला बसत असू. गप्पा चालत, हात चालत, आणि गप्पा रंगल्या की हात जरा अधिकच वेगाने चालत. आजी स्वतः निवडायला बसत नसे. ती फक्त निवडून झालेल्या डब्यात हात घालून मूठभर गहू पुन्हा ताटात पसरून पाही. खडा निघाला तर बोलत काही नसे. तो सबंध डबा ज्याचा त्याच्यापुढे आणून ठेवी. या आजीची आठवण मला प्रयोगशाळेत फार उशिरा झाली.

१९८१च्या हिवाळ्यातील गोष्ट. माळव्यातील एका लहान नदीकाठी रंगाचा एक कारखाना होता. खालच्या गावातील लोकांची तक्रार होती की मासे मरतात आणि गुरे पाण्याला तोंड लावत नाहीत. आमच्या सरांकडे मत मागण्यात आले. कारखान्याच्या वरच्या बाजूचा एक आणि खालच्या बाजूचा एक, असे दोन नमुने घेतले. असल्या कामात वरचा नमुना हाच खरा साक्षीदार असतो, कारण कारखाना नसता तर नदी कशी असती हे तोच सांगतो. ती बरणी माझ्या वाट्याला आली. परीक्षा जवळ आलेली, संध्याकाळी विजेचा दाब उतरून दिवा पिवळा पडलेला. मी दोन संध्याकाळी बसून लाल अळ्या, कृमी, काही गोगलगायी आणि दोन जळवा टिपल्या आणि उरलेला गाळ मागच्या अंगणातल्या नाल्यात ओतून दिला. भिंग घेतलेच नाही. खालच्या बरणीत दुसऱ्या विद्यार्थ्याला लाल अळ्या, कृमी आणि जळवा मिळाल्या. दोन याद्या शेजारी ठेवल्या, तर फरक एका गोगलगायीचा.

सरांनी याद्या पाहिल्या आणि एवढेच विचारले, "उरलेला गाळ कुठे आहे?"

अहवालात "निश्चित मत देता येत नाही" असे लिहावे लागले. कारखान्याच्या बाजूने त्याचा अर्थ असा लावला गेला की नदी आमच्यापर्यंत येण्याआधीच घाण आहे. पुढच्या हिवाळ्यात माझ्या मागच्या वर्गातील एका मुलाने त्याच वरच्या जागेचा गाळ भिंगाखाली निवडला आणि त्यात केनिस या मेफ्लायची डझनावारी पिल्ले निघाली. मातीच्या रंगाची, आपल्या तिळाएवढी. बीटिड कुलातलीही काही होती. आदल्या वर्षी माझ्या बरणीत ती होती का? असणारच. पण "असणारच" हा शब्द अहवालात लिहिता येत नाही, आणि पाहायला गाळ उरला नव्हता. त्या गावातील एक वृद्ध शेतकरी बसथांब्यावर भेटले होते. "बहनजी, पानी में क्या निकला?" असे त्यांनी विचारले. मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. काहीतरी पुटपुटले असेन.

आज चांगल्या प्रयोगशाळांतून निवडलेला गाळ फेकत नाहीत. "निवडलेला" अशी चिठ्ठी घालून तो वेगळ्या बरणीत ठेवतात, आणि दर दहा बरण्यांमागे एक दुसऱ्या अनुभवी माणसाकडे पुन्हा निवडायला देतात. पहिल्याने १८० जीव काढले आणि दुसऱ्याला त्याच गाळात आणखी २० सापडले, तर पहिल्याची निवड नव्वद टक्के झाली; त्या नियमपुस्तकाप्रमाणे तेवढी तरी हवीच. त्याहून कमी भरली तर मधल्या बरण्याही पुन्हा तपासायच्या. आजीची पद्धत हीच, फक्त उलटी. आजी निवडलेल्या धान्यात खडे शोधी; इथे टाकलेल्या खड्यांत धान्य शोधायचे असते.

निवड संपली की ओळख पटवणे आले. हे काम द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली, काचेच्या बशीत, टोकदार चिमटा आणि सुई घेऊन चालते. हाताशी असते ती 'किल्ली', म्हणजे दोन-दोन पर्यायांची प्रश्नमालिका. सांध्यांचे पाय आहेत की नाहीत? नसतील आणि अळी असेल तर ती बहुधा माशी-चिलटांच्या गणातली. सहा पाय असतील तर पुढे. पायाच्या टोकाला नखे किती? एक असेल आणि पोटाच्या कडांना कल्ले असतील तर मेफ्लाय. दोन असतील आणि शेपट्याही दोन असतील तर स्टोनफ्लाय. नवशिका आधी शेपट्या मोजतो, कारण त्या ठळक दिसतात. मेफ्लायला बहुधा तीन असतात. पण बरणीत हिंदकळताना शेपट्याच आधी तुटतात. नखे सहसा टिकतात. म्हणून जुने जाणते आधी पायाशी वाकतात. केनिसची खूण तर एकदा पाहिली की विसरत नाही. कल्ल्यांची दुसरी जोडी रुंद, चौकोनी झाकणांसारखी झालेली असते आणि ती मागचे नाजूक कल्ले झाकून गाळापासून त्यांचे रक्षण करते.

काहींना एवढ्याने भागत नाही. लाल अळ्या, ज्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखेच हिमोग्लोबिन असल्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या गाळातही ज्या तग धरतात, त्या सगळ्या सारख्याच दिसतात. त्यांचे डोके वेगळे करून, पोटॅशच्या द्रावणात ठेवून पारदर्शक करावे लागते, काचपट्टीवर पालथे नव्हे तर उताणे बसवावे लागते, आणि हनुवटीच्या जागी असलेल्या पट्टीवरचे दात मोजावे लागतात. टिचभर काचेवर अळीची दंतपंक्ती मोजण्यात माझ्या आयुष्याची काही वर्षे गेली आहेत. घरच्यांना त्याचे फारसे कौतुक नव्हते. गाळातले कृमी याहून अवघड. त्यांतले पुष्कळसे पूर्ण वाढ झाल्याखेरीज ओळखताच येत नाहीत. कोवळ्या कृमींसमोर "अप्रौढ" असे लिहून थांबावे लागते.

हे थांबणे महत्त्वाचे आहे, आणि आपल्या देशात तर फारच. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था १९१६ साली नेल्सन अ‍ॅनंडेल यांच्या नेतृत्वाखाली कलकत्त्यात स्थापन झाली, आणि गोड्या पाण्यातील जिवांवर स्वतः अ‍ॅनंडेल यांनी मोलाचे काम केले. चतुरांवर फ्रेझर यांचे तीन खंड १९३३ ते १९३६ या काळात आले. गोड्या पाण्यातील गोगलगायी-शिंपल्यांवर सुब्बा राव यांचे पुस्तक १९८९ साली. पण कीटकांची नावे बहुतांशी पंख फुटलेल्या प्रौढांना दिलेली आहेत, आणि आपल्या तबकात असतात ती त्यांची पाण्यातली बाळे. बारशाची यादी आहे, पण कोणते बाळ कोणाचे ते पुष्कळांच्या बाबतीत अजून ठाऊक नाही. ते कळायला अळी पाण्यात वाढवून तिचा प्रौढ निघेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि टाकलेली कात व प्रौढ दोन्ही एकत्र जपून ठेवावी लागतात. हा धीर नसला की विलायती किल्ली उघडून त्यातले एखादे जातीचे नाव चिकटवले जाते. किल्लीचा स्वभाव असा की ती प्रत्येकाला कुठल्या तरी नावापाशी नेऊन पोहोचवतेच. आपला प्राणी त्या पुस्तकात नाहीच, हे ती कधी सांगत नाही. भारतीय ओढ्यातील अळीला इंग्लंडमधील जातीचे नाव लावलेले प्रबंध मी पाहिले आहेत. त्यापेक्षा "कुल केनिडी" एवढे लिहून पुढची जागा मोकळी ठेवणारा विद्यार्थी मला अधिक शिकलेला वाटतो.

आणि निवाड्यासाठी कुल पुष्कळदा पुरतेही. ब्रिटनमध्ये १९७६ साली नेमलेल्या एका कार्यगटाने प्रत्येक कुलाला एक ते दहा गुण दिले; प्रदूषण जितके कमी सोसते तितके गुण अधिक. कृमींना १, लाल अळ्यांच्या कुलाला २, नेहमीच्या गोगलगायी व जळवांना ३, बीटिड मेफ्लायना ४, केनिडींना ७, बहुतेक स्टोनफ्लायना १०. एका कुलाचे शंभर जीव असोत की एकच, गुण एकदाच. बेरजेला कुलांच्या संख्येने भागले की सरासरी निघते. हे गुण त्यांच्या नद्यांसाठी ठरवलेले आहेत, आपल्याकडे ते फेरफार करूनच वापरावे लागतात. तरी हिशेब कळावा म्हणून माझी १९८१ची यादी मी त्यांत बसवून पाहिली. वरच्या जागेचे कृमी, लाल अळी, गोगलगाय, जळू मिळून ९, सरासरी सव्वादोन. खालच्या जागेचे ६, सरासरी दोन. फरक नावालाच. त्यात पुढच्या वर्षी सापडलेली दोन मेफ्लाय कुले मिळवली की वरच्या जागेचे होतात २० आणि सरासरी ३.३. तिळाएवढ्या, मातीच्या रंगाच्या दोन पिल्लांवर त्या गावाचे म्हणणे टांगलेले होते.

यमुनेवर बसवलेल्या आपल्या पद्धतीत अशा गुणांखेरीज आणखी एक आकडा आहे, विविधतेचा, आणि तो काढायला नावाचीही गरज लागत नाही. जॉन केर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली ही युक्ती प्राणिशास्त्र न शिकलेल्यांसाठीच म्हणून प्रसिद्ध केली. तबकातून एकेक जीव काढत जायचा आणि फक्त आधीच्याशी ताडून पाहायचा. सारखा असेल तर ओळ चालू. वेगळा असेल तर नवी ओळ सुरू. शेवटी ओळींच्या संख्येला जिवांच्या संख्येने भागायचे. वीस जिवांत चार ओळी झाल्या तर ०.२, प्रत्येक वेळी वेगळाच निघाला तर १. दोन्ही आकडे मिळून पाण्याचा वर्ग ठरतो. पाच वर्ग, स्वच्छ पाण्याला नकाशात निळा रंग, अतिदूषिताला लाल. इतके सोपे असूनही हे माणसाच्या स्वभावापाशी अडते. आपल्याला नीटनेटकेपणाची सवय. हात आधी सगळ्या लाल अळ्या काढतो, मग सगळ्या गोगलगायी. तसे केले की ओळी कमी पडतात आणि बरी नदीही एकसुरी ठरते. म्हणून जीव आधी चांगले मिसळून घ्यायचे आणि जो समोर येईल तो उचलायचा.

अलीकडे या कामात नवे साधन आले आहे. २००३ साली कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी प्राण्यांच्या पेशीतील डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून जात ओळखण्याची कल्पना मांडली. कोवळा कृमी असो, शेपटी तुटलेली अळी असो, तिचा तुकडा पुरतो, आणि अळी व प्रौढ यांची गाठही त्याने घालून देता येते. पण यंत्राने वाचलेला क्रम ताडून पाहायला आधी कोणीतरी नीट ओळखलेल्या प्राण्याचा क्रम नोंदवलेला असावा लागतो. म्हणजे चिमटा आणि सूक्ष्मदर्शक सुटत नाहीत. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या जुन्या बरण्या या कामी फारशा येत नाहीत, आणि कोण आहे हे कळले तरी नेमके किती आहेत हे या वाटेने खात्रीने सांगणे अवघड आहे.

निवृत्त होईपर्यंत माझ्या प्रयोगशाळेत "निवडलेला" असे लिहिलेल्या बरण्यांची एक सबंध मांडणी होती. आमचे प्रयोगशाळा-सेवक दर दिवाळीला झाडझूड करताना विचारीत, "बाई, हा चिखल या वर्षी तरी टाकायचा ना?" पुढे विचारणे त्यांनीच सोडून दिले आणि बरण्या पुसून ठेवू लागले.

ग्वाल्हेरच्या भगिनींना प्रत्यक्ष पाहायचे असेल तर पावसाळा सरल्यावर, पाणी निवळले की, मुलांना घेऊन एखाद्या उथळ, वाहत्या ओढ्यावर जावे. जुनी पांढरी परात, पिठाची जुनी चाळणी, मऊ कुंचला आणि भिंग एवढे सामान पुरे. सांडपाण्याच्या नाल्यात उतरू नये. प्रवाहातील दगड उचलून परातीत धुवावा, चाळणी दगडाच्या खालच्या अंगाला धरावी, आणि परातीत थोडे पाणी ठेवून पाच मिनिटे काही न करता नुसते बघत बसावे. पहिल्या मिनिटात जे दिसेल ते आणि पाचव्या मिनिटात जे दिसेल ते, दोन्ही वहीत वेगवेगळे लिहून मला कळवावे. पाहून झाल्यावर दगड होता तसाच, त्याच कुशीवर ठेवावा आणि परातीतले जीव तिथेच सोडून द्यावेत.